भोंगा गप्प करणारा बाबा

कोसमटोल्याच्या वडाखाली सकाळी आठच्या आधीच गाव लोटलं होतं. बाबा ओट्यावर, वाघाच्या कातड्यासारख्या दिसणाऱ्या चादरीवर बसला होता. पण सगळ्यांच्या माना वळल्या होत्या शाळेच्या छपरावरल्या भोंग्याकडे.

जंगलाच्या कडेला, नाल्याजवळच्या खांबावर कॅमेरा होता. त्याला वाघ दिसला की तो बिनतारी निरोप धाडायचा आणि भोंगा बोंबलायचा. यंत्र चालू आहे हे कळावं म्हणून रोज आठला कॅमेरा एक चाचणीचा निरोप धाडायचा आणि भोंगा एकदा उगाच वाजायचा. दोन वर्षं वाजला. मग हा व्याघ्रनाथ बाबा आला.

आठ वाजले. बाबानं हात उगारला. "चूप! मेरा चेला सो रहा है!"

भोंगा वाजला नाही.

"जय व्याघ्रनाथ!" गाव गरजलं.

"वाघ आता माझ्या मुठीत. बिनधास्त मोहाची फुलं वेचा. पहिली टोपली तेवढी बाबाच्या पायाशी!"

"बाबा, माह्या सासूचंबी तोंड बंद करता का?" मागून लच्छू ओरडला, तसे सगळे हसले.

म्हातारा चैतू तेवढा हसला नाही. तो नाल्यावरून आला होता. तिथल्या ओल्या रेतीत त्यानं वाघाचा ठसा पाहिला होता आणि त्या ठशाच्या तळाशी चिरडलेलं, ताजं मोहफूल. फूल पहाटे गळतं. म्हणजे जनावर आज पहाटे, कॅमेऱ्याच्या खांबासमोरूनच गेलं होतं. मग भोंगा का वाजला नाही?

पूर्वी बाया उजाडल्यावर घोळक्यानं मोहाला जायच्या. बाबा आल्यापासून जो तो अंधारात आपापलं झाड गाठू लागला. चैतूची सून निशा तर एकटीच नाल्यावरच्या झाडाला जायची.

"उद्या जाऊ नको," त्यानं तिला बजावलं.

"काऊन मामाजी? भोंगा तं वाजला नाई."

"भोंगा नाई वाजला म्हणून वाघ नाई, हे तुले कोनी सांगतलं?"

"बाबानं."

"अन् वाघाले कोनी सांगतलं?"

निशानं तोंड फिरवलं. मोहाचे दिवस मोजके, फुलं कुणासाठी थांबत नाहीत.

चैतू शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दीपिका मॅडमकडे गेला. ठशाचं ऐकून तिनं डोळे बारीक केले. "चैतूभाऊ, एक सांगू? बाबा पहाटे बसला की शाळेचं वायफायसुद्धा मरतं. दहाला तो उठला की लगेच जिवंत होतं. मी आठ दिवस लिहून ठेवलंय."

"त्याच्या चादरीखाली एक वायर जाते," चैतू म्हणाला. "वडामागच्या सोलरच्या बॅटरीतून. मले वाटे, पंखा असन."

दुसऱ्या दिवशी तो उठला तेव्हा निशाची टोपली जागेवर नव्हती. नाल्याकडे धावावं, तर पोहोचेपर्यंत उशीर; भोंग्याचा आवाज मात्र तिथवर लगेच जायचा. त्यानं मॅडमला गाठलं आणि दोघं थेट वडाखाली आले. साडेसात झाले होते.

"बाबा," दीपिका सगळ्यांसमोर म्हणाली, "शक्ती तुमच्यात आहे की चादरीत? जरा बाजूला बसून दाखवा."

"आसन सोडलं तर वाघ सुटेल! गाव खाईल! नास्तिक बाईचं ऐकू नका!"

"उठ ना बाबा, पाच मिंटाचं काम," लच्छू म्हणाला.

चैतूनं वाट पाहिली नाही. त्यानं चादरीचं टोक धरून ओढलं. बाबा ओट्यावरून घरंगळला. खाली आखूड अँटेनांचा काळा डबा होता, लाल दिवा लुकलुकत होता. चैतूनं वायर उपटली.

आणि भोंगा बोंबलला.

चाचणीला अजून अर्धा तास होता. म्हणजे कॅमेऱ्याला खरंच वाघ दिसला होता. चैतू नाल्याकडे धावत सुटला, मागोमाग गाव, हातात येईल ते डबडं बडवत.

निशा नाल्याच्या काठावर ताठ उभी होती. भोंगा ऐकून ती वाकलेली सरळ झाली होती. वाकून वेचणारं माणूस वाघाला जनावर वाटतं. वीस पावलांवरच्या झुडपातून पिवळं अंग उठलं, कलकलाट ऐकून वळलं आणि रानात शिरलं.

"मामाजी!" म्हणत ती टोपली टाकून चैतूकडे धावली.

दुपारी दीपिकानं तो डबा सगळ्यांसमोर मांडला. "हवेतला एक पट्टा सगळ्यांसाठी मोकळा आहे, त्याला परवाना लागत नाही. आपला भोंगा, शाळेचं वायफाय, सगळे तोच वापरतात. म्हणून शहाणी यंत्रं आपल्या ग्रामसभेसारखी वागतात. आधी ऐकायचं, कुणी बोलत असेल तर थांबायचं, मोकळं झालं की बोलायचं. हा डबा कुणाचंच ऐकत नाही, नुसता ओरडत राहतो. असा डबा वापरणं गुन्हा आहे. कॅमेरा बिचारा वाघ पाहून थांबला होता, आपली पाळी येईल म्हणून."

"म्हणजे वाघ नाई, भोंगाच बांधून ठेवला होता यानं!" लच्छू म्हणाला. त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

डबा आपणच शहरातून आणला, हे बाबानं पोलिसांपुढे कबूल केलं.

ग्रामसभेत ठरलं: कॅमेऱ्याच्या निरोपावर भोंगा आता दर पाव तासाला बारीक टुकटुक करेल. टुकटुक थांबली तर कुणी रानात पाऊल टाकायचं नाही.

परवा पहाटे ती थांबली. बाया टोपल्या घेऊन वेशीवर खोळंबल्या. एक म्हणाली, "गप्प हाय, म्हणजे वाघ नसन."

"गप्प हाय म्हणूनच थांबा," निशा म्हणाली. "मी विचारून येते."

ती शाळेकडे गेली. बॅटरी उतरली होती, एवढंच. पण तिनं विचारलं. तुम्हीही विचारा, बाप्पा. चमत्कार दाखवणाऱ्याला तर आधी विचारा. आणि तो उत्तराऐवजी शाप देऊ लागला, तर चादर उचलून पाहा.