पाइपाच्या खालचे पाणी

मित्रांनो, जवळ आलात तर नाक मुरडाल, पण माझ्या अंगाचा वास माझा स्वतःचा नाही. मी एक जुने जाळे आहे. मासे पकडायचे नव्हे, ओढ्याची तब्येत तपासायचे. लोहाराने सळई चौकोनी वाकवून माझे तोंड केले, शिंप्याने बारीक जाळीची पिशवी शिवली आणि मी बाईंच्या हाती आले.

बाई सरकारी कचेरीत ओढ्यातले जीव मोजायचे काम करत. त्या मला तळाशी टेकवत, माझे तोंड प्रवाहाकडे करत आणि माझ्यासमोरचे दगड पायांनी खळबळवत. सुटलेले किडे वाहत माझ्यात येत. मग ते पांढऱ्या तबकात ओतून, ओळखून, मोजून त्या पुन्हा पाण्यात सोडत. दर हंगामात तीच जागा, तीच पद्धत, तेवढाच वेळ. त्याशिवाय मागच्या पाण्याशी आजच्या पाण्याची तुलना होणार कशी? स्वच्छ पाण्यात वाळूचे कण चिकटवून घर बांधणाऱ्या अळ्या मिळत, चतुर नावाच्या उडत्या किड्यांची पिल्ले मिळत. काम झाले की बाई मला झटकून सावलीत वाळवत. "असं जाळं पुन्हा मिळायचं नाही," असे त्या म्हणत, तेव्हा माझी सळई ताठ होई.

मग ओढ्याच्या काठी कोंबड्या कापून, साफ करून डब्यात भरण्याचा कारखाना आला. तो बाईंच्या धाकट्या दिराचा होता. त्याचा पाइप ओढ्यात उघडला, आणि पाइपाच्या खाली, जिकडे पाणी वाहत जाते त्या बाजूला, आमची एक ठरलेली जागा होती.

पाइप आल्यानंतर तिथे मी पहिल्यांदा बुडाले तो दिवस आठवला की अजून शिसारी येते. चरबीचे पिवळे गोळे माझ्या भोकाभोकांत बसले. कुजकी पिसे, आतड्यांचे तुकडे आणि त्यांत वळवळणारे लाल किडे. घाणीत तेवढेच जगतात. बाईंनी मला गरम पाण्याने तीनदा धुतले, तरी बुळबुळीतपणा जाईना.

घरी सासूबाईंनी बाईंना समजावले, की घरचे घरात राहू दे. कचेरीत साहेबांनी सुचवले, की जागा थोडी पाइपाच्या वर सरकवली तर बिघडत नाही. बाई दोघांनाही नाही म्हणाल्या.

पुढच्या हंगामात बाई तापाने पडल्या, तेव्हा साहेब स्वतः मला घेऊन निघाले. ते पाइपाच्या खाली उतरलेच नाहीत. वरच्या निर्मळ पाण्यात त्यांनी मला बुचकळले, मिळालेल्या अळ्या बाईंनी नंतर मोजाव्यात म्हणून बाटलीत भरल्या आणि बाटलीवर खालच्या जागेचे नाव लिहिले. मित्रांनो, त्या चरबीने मला आली नव्हती एवढी किळस त्या हातांची आली.

बऱ्या होऊन आल्यावर बाईंनी ती बाटली उजेडात धरली. त्या घाणीत या अळ्या जगूच शकत नाहीत, हे त्यांना लगेच कळले. साहेबांना त्यांनी तोंडावर विचारले. साहेब म्हणाले, की तुमच्याच घरासाठी केले, आभार माना. बाईंनी मला उचलले आणि थेट दिराच्या कारखान्यात गेल्या.

"भावोजी, चला. आज नमुना तुम्ही काढा."

पॅन्ट गुडघ्यापर्यंत वळवून तो हसत हसत पाण्यात उतरला. दोन पावलांतच हसू गेले. पायांना चरबी चिकटली, पिंढऱ्यांवर पिसे बसली. बाईंनी सांगितले तसा त्याने तळ खळबळवला आणि मला वर उचलले. माझ्यातून जे लोंबत होते ते पाहून तो काठाला जाऊन ओकला.

तोंड पुसून म्हणाला, "वहिनी, हे माझ्याकडचं?"

"तुमच्याच पाइपातलं. खालच्या वस्तीतल्या बायका याच पाण्यात भांडी घासतात. पाण्यात काय सोडता ते सांगायला त्यांच्याकडे गेलात कधी?"

 घरी कित्येक महिने तो बाईंशी बोलला नाही. पण घाण गाळण्याच्या टाक्या त्याने बांधल्या. बाईंनी पुन्हा त्याच जागी मला बुडवले. पहिल्या वर्षी लाल किडेच होते. पुढे ते कमी झाले, आणि एका सकाळी तबकात चतुराचे एकच पिल्लू पाय हलवताना दिसले. बाईंनी ते तळहातावर घेऊन दिराला दाखवले. त्याने ते हळूच पुन्हा पाण्यात सोडले.

नंतर बाईंची बदली झाली. नवे जाळे आले. साहेब मात्र तिथेच आहेत, आणि मी आता कचेरीच्या मोरीमागे पडून असते. गटार तुंबले की मला आत कोंबतात. केसांचे गुंते, पानाचे थुंकलेले चोथे, चहाची नासकी पत्ती असले काय काय माझ्यात अडकते, आणि तसेच ओले मला कोपऱ्यात फेकतात.

मित्रांनो, माझ्यासारखी अवजारे धुवून, वाळवून ठेवा, एवढे सांगायचा हक्क मला आहेच. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. पाणी तपासायला जाल, तेव्हा सोयीची जागा शोधू नका. किळस आली तरी पाइपाच्या खाली उतरा.