सोन्याच्या तागडीत सरडा

मित्रांनो, माझ्या दोन्ही पारड्यांची शप्पथ घेऊन, घसा फोडून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! ज्याला पटत नाही त्यानं आत्ताच उठून जावं.

मी एक जुनी तागडी आहे. ज्वारी-बाजरीची नव्हे हं! जळगावच्या सराफ बाजारातली, सोन्याची. तोताराम सोनाराच्या बापानं मला घडवून घेतलं. पारडी पापडाएवढी, पण मी अशी नाजूक की शेजारच्या दुकानात कुणी जांभई दिली तरी डुलायचे. म्हणून तोलायच्या आधी तोताराम पंखा बंद करायचा. मे महिन्यात गिऱ्हाइकं घामानं निथळायची, पण एकाची कुरकूर नाही. सोनं तोलताना पंखा बंद, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक.

शहाऐंशी साली तोतारामनं काचेच्या पेटीतला नवा काटा आणला आणि मला फडक्यात गुंडाळून फळीवर टाकलं. तेव्हा हमीदा आली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि साक्रीकडच्या माळावरचे सरडे धरून आणायची. असल्या उन्हात झाड वाळतं, माणूस वाळतो, मग सरडा कसा वाळत नाही, हा तिचा प्रश्न. त्यासाठी सरडा सकाळ-संध्याकाळ तोलायला हवा. कॉलेजात बारीक काटा होता की! पण वापरला तर बिघडेल म्हणून प्राचार्यांनी तो कुलपात ठेवलेला.

"सोनानी तागडीमा सरडा तोलशी?" तोताराम खो खो हसला. "माय वं! मना बाप काय म्हनी?"

"म्हणू द्या, काका. हार कमी भरला तर तुम्ही पुन्हा तोलाल. माझा सरडा संध्याकाळी हलका झाला, की सकाळचा सरडा मी आणू कुठून?"

"ने मंग. पन पंखा बंद करजो हां!"

माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. जिथं नथी विसावल्या तिथं सरडा? त्यात पहिल्याच दिवशी मेल्यानं माझ्या पारड्यात घाण केली. खडूसारखी पांढरी गोळी! वाटलं, हमीदा नाक मुरडेल. ती तर हरखली, आणि गोळीसुद्धा तोलली! सरडा पाणी वाया घालवत नाही, लघवीसुद्धा अशी कोरडी, पांढरी करून टाकतो आणि पाणी अंगात राखतो. बाई गं, ते कळलं आणि माझा राग निवला. इतकी वर्षं सोनं तोललं, पण सोन्यानं मला असलं काही सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यामागून उन्हाळे हमीदा खिडक्या लावून, पदर खोचून, घामाघूम होत तोलत राहिली.

शेवटी पीएचडीची तोंडी परीक्षा आली. बाहेरगावचे परीक्षक भर मे महिन्यात उगवले आणि नेमके पंख्याखाली बसले. म्हणाले, "एक गोळी माझ्यासमोर तोला." माझी पारडी वर-खाली, वर-खाली. गोळी एकदा जड, एकदा हलकी.

"बाई, दर वेळी वजन वेगळं! असला प्रबंध मी मान्य कसा करू?"

"सर, पंखा बंद करावा लागेल."

"या उकाड्यात? सरड्याच्या घाणीसाठी?"

संताप संताप झाला माझा! अहो, बायकोचं मंगळसूत्र तोलून घेताना हाच बाबा श्वाससुद्धा रोखून बसला असता! आणि इथं एका बाईची इतक्या वर्षांची मेहनत पारड्यात होती, तर याला वारा हवा!

हमीदा उठली आणि बटण दाबलं. पंखा थांबला, मी थांबले. तिनं गोळी तोलली, पुन्हा तोलली, परत तोलली. तेच वजन! परीक्षक साहेबांच्या नाकावरून घामाचा थेंब माझ्या पारड्यात पडला, तो चांगला तीन गुंजा भरला. मग साहेब मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माझं, बाई." आणि सही केली.

आता कॉलेजात विजेवरचा काटा आलाय. ठेवलाय कुठं? पंख्याखाली! आणि मी कपाटावर धूळ खातेय. खाईन. पण मित्रांनो, कुणाच्या कष्टांचं वजन करायला बसाल, तेव्हा आधी उठून पंखा बंद करा. थोडा घाम आल्यानं कुणी मरत नाही.

सगळं खरं सांगितलं. तीन गुंजांचा थेंबही खरा. फक्त ते "चुकलं माझं" तेवढं मी पदरचं घातलं. म्हणायला हवं होतं, म्हणून मी म्हणायला लावलं. साहेबांनी नुसती सही केली, आणि पेन खिशात जायच्या आधी पंखा लावला.