पहिल्या नंबराची हवा

मी अविराजची कार्बनची सायकल बोलतेय, आणि गोड बोलायची माझी आज अजिबात इच्छा नाही.

जन्म परदेशातला. खोक्यात बसून बारामतीला आले. दुकानात मला जोडलं, एका हातानं अलगद उचलून गिऱ्हाइकांना दाखवलं, तेव्हा माझा तोरा काय सांगू! मग अविराजनं मला नेलं. हा सायकल क्लबचा कॅप्टन. गॉगल, हातमोजे, माझ्या हँडलवर मीटर, आणि तोंडात कायम दुसऱ्याच्या सायकलीचं वजन. नवीन आलेल्याला नाव विचारायच्या आधी तो विचारतो, "गिअर कुठल्या कंपनीचे?" तो बिचारा पुढच्या रविवारी फिरकत नाही.

कोण किती वेगानं गेलं हे मोजणाऱ्या मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये निरवांगी ते वालचंदनगर या रस्त्यावर अविराजचा पहिला नंबर होता. त्या नंबरात त्याचा जीव. सकाळी चूळ भरायच्या आधी तो तेच उघडून बघायचा.

त्याच रस्त्यानं निरवांगीचा मल्हार रोज वालचंदनगरच्या कॉलनीत दूध घालायला जातो. पन्नाशीचा गडी, अंगात सदरा-पायजमा, खाली काळी जड सायकल, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. एका रविवारी त्यानं घंटी वाजवत आमचा अख्खा क्लब मागं टाकला. मला त्या काळ्या सायकलीचा असा राग आला, खोटं कशाला बोलू!

क्लबातली सुप्रिया मात्र जोर लावून त्याच्या शेजारी गेली. मीही मागोमाग होते. "तात्या, एवढी पळवता कशी?"

"पळवतोय कुठं, ताई? दूध घुसळाय नगं. कॅनमदी कडब्याचं धाट टाकलंय, तरी हिसका बसला की लोणी येतं. मग बाया दूध घेत न्हाईत. पाय सारका फिरवायचा, बास."

सारखा पाय! अविराजचा पाय म्हणजे मीटर बघून दोन मिनिटं धसमुसळेपणा आणि मग धाप. गिअर तो चढ संपल्यावर बदलतो.

पुढच्या रविवारी सुप्रियानं मल्हारच्या नावानं अ‍ॅपमध्ये खातं उघडलं आणि निरवांगीत आपला फोन त्याच्या खिशात सरकवला. वालचंदनगरला त्यानं तो परत दिला. "लई तापलाय बगा," एवढंच म्हणाला. अविराजचा नंबर दुसरा झाला.

अ‍ॅपमध्ये तक्रारीची सोय असते, फक्त कारण निवडायचं. अविराजनं निवडलं, 'ही फेरी मोटारसायकलवरून केली आहे.' मी भिंतीला टेकून त्याचं बोट बघत होते. दोन दिवसांत मल्हारचं नाव उडालं आणि अविराजनं क्लबला मिसळ खिलवली. तिथं मला त्याची किळस आली.

गेल्या रविवारी निरवांगी सोडली आणि मागून कॅनच्या कड्या वाजायला लागल्या. अविराज ताडकन थांबला. "पंक्चर! तुम्ही व्हा पुढं." सगळे दिसेनासे झाल्यावर तो खाली वाकला, माझा व्हॉल्व्ह ढिला केला आणि भरलेल्या चाकातली हवा स्वतःच्या हातानं सोडली.

मल्हार आला आणि दूध घेऊन जाताना कधी न थांबणारा तो माणूस थांबला. "सायेब, पंप हाय माज्याकडं. मारू का हवा?"

"तुझा पंप हिला बसत नाही."

बसतो. साधा पंप माझ्या व्हॉल्व्हला जोडायची पितळी टोपी अविराजच्याच पाऊचमध्ये होती.

मल्हारनं चाक चाचपलं, बोटं सगळीकडून फिरवली. "काटाबी दिसंना," म्हणाला, जरा घुटमळला. "बरं, सावलीला बसा. वालचंदनगरातनं कुनालातरी लावून देतो." आणि गेला. त्या दिवशी त्याला कॉलनीत उशीर झाला असणार.

क्लबात आता माझंच नाव खराब झालंय. महागाची पण नाजूक, उठसूट पंक्चर होते, असं अविराज चारचौघांत सांगतो आणि माना डोलतात. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. निरवांगीच्या रस्त्याला तो माझ्याजवळ उकिडवा बसलेला दिसला, तर त्याच्या क्लबासमोर मोठ्यानं सांगा: हिला काहीही झालेलं नाही, दूधवाला मागून येतोय.