मागचे स्पीकर

ज्या माणसानं माझ्या सख्ख्या भावाची अब्रू वेशीला टांगली, त्याचाच सिनेमा मी माझ्या टॉकीजला लावला. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलंय. म्हणू देत. माझं डोकं जन्मापासूनच गरम आहे, पण जागेवर आहे.

टॉकीज वडिलांची, त्यांच्यामागे मी चालवते. डॉक्युमेंटरी म्हणजे शाळेतल्या पोरांना रांगेनं बसवून दाखवायची गोष्ट, अशी पूर्वी सगळ्यांची समजूत होती. ती मोडली या पठ्ठ्यानं. कॅमेरा चालू ठेवून बेधडक कुणाच्याही दारात शिरायचं, तोंडासमोर माइक धरायचा आणि समोरचा चिडला की तेच पडद्यावर दाखवायचं. पेपरवाले त्याला घुसखोर म्हणायला लागले, तर त्यानं ते नाव मिरवलं. निम्मे लोक त्याला डोक्यावर घेतात, निम्मे शिव्या घालतात, पण तिकीट सगळेच काढतात. त्याच्यामागून बाकीच्यांच्या डॉक्युमेंटरींनाही पडदा मिळू लागला. माझी टॉकीज गोदाम व्हायची वाचली ती त्यामुळेच, खोटं कशाला बोलू?

या खेपेला तो आमच्याच गावातल्या रंगाच्या कारखान्यात घुसला. कारखान्याचं घाण पाणी नाल्यात सोडतात, हे गावाला ठाऊक होतं, पण बोलायची कुणाची छाती नव्हती. तो बोलला, आणि मला ते मनापासून आवडलं. पण त्या कारखान्याच्या फाटकावर पहारा करतो माझा दादा.

ट्रेलरमध्ये काय दिसतं? घुसखोर विचारतो, "आत काय लपवलंय?" आणि दादा दोन्ही हातांनी त्याला ढकलून देतो. ढॅण्‌ढॅण्‌ संगीत, पडदा काळा. झालं! दादाचं नाव पडलं ढकल्या. वाण्याच्या दुकानात पोरं त्याला बघून एकमेकांना ढकलायची. वर कारखान्याच्या मॅनेजरनं पाठ थोपटली, "शाबास, असंच पाहिजे!" शिव्यांपेक्षा ती शाबासकीच दादाला जास्त लागली. ड्युटीवरून आला की दार लावून बसायचा. जेवायचं ताट तसंच परत जायचं.

खरी गोष्ट त्यानं पहिल्याच दिवशी घरी सांगितली होती. कॅमेऱ्याच्या मागून टँकर रिव्हर्स येत होता. कॅमेरावाला उडी मारून बाजूला झाला. घुसखोर मात्र आपल्याच तोऱ्यात तिथेच उभा, म्हणून दादानं त्याला ढकललं. पडद्यावर टँकर कुठेच नाही. मग विश्वास कोण ठेवणार?

मी सरळ घुसखोराला फोन लावला.

"टँकर होता ना?"

"होता," तो शांतपणे म्हणाला. "पण ताई, टँकर दाखवला की प्रसंग विझतो. त्या एका धक्क्यावर शंभर थिएटरवाल्यांनी हा सिनेमा घेतला. तुमचा भाऊ आता नुसता माणूस नाही राहिला. लोकांच्या दृष्टीनं तो त्या कारखान्याचं बंद फाटक आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फाटक? अहो, त्या फाटकाला बायको आहे, आणि तुमच्यामुळे त्या फाटकाच्या घशाखाली घास उतरत नाही!"

"चित्राला मी कात्री लावतो, सगळेच लावतात," तो म्हणाला. "आवाजाला हात लावत नाही. जागेवर जे वाजलं तेच थिएटरात वाजतं, हे माझ्या शत्रूंनाही माहीत आहे. मी खोटारडा नाही."

मी फोन आपटला. सिनेमा काढून टाकावा असं एकदा मनात आलं. पण मग नाल्याचं काय? ते गावानं बघायलाच हवं होतं. आणि मी सिनेमा काढला असता, तर ढकल्याची बहीण घाबरली, एवढंच झालं असतं.

लागायच्या आदल्या दिवशी सकाळी ऑपरेटरनं ट्रायल घेतली. माझ्यानं एका जागी बसवेना, म्हणून मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. आमच्याकडचे मागचे स्पीकर बरीच वर्षं मुके होते. कौटुंबिक सिनेमांना लागतात कशाला? त्यातला एकच, माझ्या डोक्यावरचा, अधूनमधून खरखरायचा. धक्क्याचा प्रसंग आला. ट्रेलरमधलं संगीत इथे नव्हतं. आणि त्या खरखरीतून रिव्हर्सच्या गाडीचा इशारा आला, टूं, टूं, टूं.

"थांबव!" मी अशी ओरडले की ऑपरेटर दचकून केबिनमधून बाहेर आला. "पुन्हा लाव."

पुन्हा तेच. टूं, टूं, टूं, आणि मग ब्रेकची करकर. बहाद्दर खरं बोलला होता! आवाजाला त्यानं खरंच हात लावला नव्हता; कॅमेऱ्यामागचा आवाज मागच्याच स्पीकरमधून जसाच्या तसा येत होता.

"मागचे सगळे स्पीकर उद्याच्या शोपर्यंत वाजले पाहिजेत," मी म्हणाले.

"बाई, अख्खं वायरिंग गेलंय."

"मग अख्खं बदल. मी शिडी धरते."

आणि धरली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं जाळ्या-धुळीनं भुतासारखे दिसत होतो, पण स्पीकर ठणठणीत बोलायला लागले. तशीच दादाच्या घरी गेले.

"मी येणार नाही," दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "हसतील लोक."

"हसू देत. तू माझ्या शेजारी शेवटच्या रांगेत बसायचंस."

"तुला काय, तू आधीपासूनच हट्टी."

"तुझीच बहीण ना!"

वहिनीनं त्याचा धुतलेला शर्ट आणून खुर्चीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी हाऊसफुल्ल. गावचाच सिनेमा म्हणून घुसखोर स्वतः आला होता, पहिल्या रांगेत ऐटीत बसला. दादाला मी अंधार झाल्यावर आत आणलं. तो प्रसंग जवळ आला तशी पोरं आधीच खिदळायला लागली. "आला, ढकल्या आला!" दादा उठायला लागला. मी त्याचं मनगट गच्च धरून ठेवलं.

पडद्यावर घुसखोरानं माइक पुढे केला. आणि आमच्या पाठीमागून टँकर आला. टूं, टूं, टूं! खुर्च्यांचे दांडे थरथरले. ब्रेक असा किंचाळला की अख्खं थिएटर अंग चोरून मागे वळलं. हसणारी पोरं वळली, मजा बघायला आलेला कारखान्याचा मॅनेजर वळला. ज्याचा तो सिनेमा, ज्यानं तो हजारदा पाहिला होता, तो पहिल्या रांगेतला घुसखोरही दोन्ही हात डोक्यावर घेऊन वळला.

मागे टँकर नव्हता. शेवटच्या रांगेत दादा बसला होता. पडद्यावर त्यानं दोन्ही हातांनी ढकललं, पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

दादा उभा राहिला. मी मनगट सोडलं.

"तेव्हा बघितलं असतंत मागे," तो पहिल्या रांगेकडे बघत म्हणाला, "तर मला ढकलावं लागलं नसतं."

घुसखोरानं डोक्यावरचे हात खाली घेतले.

ऑपरेटरनं केबिनच्या खिडकीतून डोकं काढून खुणेनं विचारलं, थांबवू का? मी हात हलवला, चालू ठेव. अजून नाल्याचा भाग यायचा होता. दादा परत माझ्या शेजारी बसला आणि पुढचा सिनेमा त्यानं शेवटपर्यंत पाहिला.