डाव्या कानातला सामना

"किती हवेत, भिरूड?" डॉ. ललवाणींनी रोग्याच्या पोटातून नजर वर न करता विचारलं.

"बारा चेंडूंत अठरा."

भुलीचे डॉक्टर पितांबर भिरूड यांच्या उजव्या कानात रोग्याच्या छातीवर चिकटवलेल्या स्टेथोस्कोपची नळी होती, डाव्या कानात खिशातल्या ट्रान्झिस्टरचा इयरफोन. टेबलावर दोंडाईच्याकडचा चुडामण, आतड्याला पीळ पडलेला. धुळ्यातल्या तीन दवाखान्यांत हिंडून झालेलं भिरूडांचं हे आजचं पाचवं ऑपरेशन. ट्रान्झिस्टर नसेल तर डुलकी लागते, असं ते सांगत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. नाव व्हायचं ते कापणाऱ्या डॉक्टरचं. झोपवणारा नुसता बसून असतो, असं लोकांना वाटे. बसून बसून माणूस किती शिणतो, हे सांगायचं तरी कुणाला? तीस वर्षांत आपल्या हातून एकही रोगी टेबलावर दगावला नाही, एवढीच त्यांची मिरवायची गोष्ट, आणि तीही कुणी विचारत नसे.

शेवटचं षटक सुरू झालं आणि भिरूड सगळेच्या सगळे डाव्या कानात जाऊन बसले.

"अहो, रक्त काळं येतंय!" ललवाणी ओरडले.

भिरूडांनी चमकून मागे पाहिलं. ऑक्सिजनचं सिलिंडर संपलं होतं, काटा शून्यावर. त्यांनी शेजारचं दुसरं उघडलं, भुलीचा गॅस बंद केला आणि श्वास देणारा रबरी फुगा दाबत राहिले. उजव्या कानातले ठोके संथ होत चालले होते. सामना कोण जिंकलं, ते त्यांना ऐकूच आलं नाही. बऱ्याच वेळाने ठोके जागेवर आले, रक्त लाल झालं.

"काटा अडकला असेल," टाके घालताना ललवाणी म्हणाले. "होतं असं."

काटा ठणठणीत होता. भिरूडांनी डाव्या कानातला इयरफोन काढून खिशात टाकला.

चुडामणने शुद्धीवर येऊन बायकोचं नाव बरोबर सांगितलं, तेव्हा कुठे ते बाहेर आले. त्याची बायको शेवंताबाई बाकावरून उठली.

"डॉक्टरभाऊ, तुम्ही बठ्ठा येळ त्यासना जोडेच व्हतात ना? त्यासले एकलं भ्याव वाटस."

हो म्हणून टाकणं सोपं होतं.

"मधे थोडा वेळ त्यांच्याजवळ नव्हतो, अक्का. माझं चुकलं."

तिने त्यांच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "जेवाले गयथात का? मंग त्यामा काय चुकनं? मानूसले भूक लागसच." तिने फडक्यातली अर्धी भाकरी, वर ठेचा ठेवून, त्यांच्या हातावर दिली.

भिरूड तिच्या शेजारी बसले. ती बघत होती, म्हणून त्यांनी सगळी भाकरी संपवली.