विचारणाऱ्याच्या वाट्याची चारोळी

दारव्ह्याहून निघणाऱ्या वैद्यकीय त्रैमासिकाचा एक नेम आहे. आलेला लेख आधी एखाद्या जाणत्या डॉक्टरकडे तपासायला जातो, आणि तपासणाऱ्याचं नाव लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. संपादक डॉक्टर कमलाकरांनी हा नेम आयुष्यभर एकादशीसारखा पाळला. आणि वार्षिक मेळाव्यात झरी जामणीकडची तरुण डॉक्टर मिताली नेमकं तेच नाव मागत होती.

तिनं सर्पदंशावर लेख धाडला होता. घोणस चावलेले रुग्ण तिच्या दवाखान्यातून बरे होऊन कसे घरी गेले, त्याची हकिगत. लेख परत आला, समासात एक प्रश्न घेऊन: ‘घरी गेल्यावर त्यांचं काय झालं?’

मितालीला रागच आला. घरी गेला तो बरा झाला, आणखी काय व्हायचं? तरी त्याच रागात ती गाडी घेऊन रानातल्या वस्त्या धुंडाळत निघाली. तर एका अंगणात, तिच्याच दवाखान्यातून बरी होऊन गेलेली हंसाबाई सुजलेले पाय पसरून बसलेली. लघवी जवळपास बंद. विषानं मागाहून मूत्रपिंडं धरली होती. मितालीनं तिला तशीच गाडीत घातली आणि यवतमाळ गाठलं. हंसाबाई वाचली.

पुढे पुन्हा रानात जाऊ लागल्यावर हंसाबाईनं स्वतः वेचलेल्या चारोळीचं गाठोडं मितालीच्या हाती दिलं. “ज्यानं इचारलं, त्याले दे.”

“सर, मी तिले कबूल करून आली,” मिताली मेळाव्यात कमलाकरांना म्हणाली. “नाव तेवढं सांगा.”

“ते माह्याच्यानं होत नाही, बाई.”

“मग हे परत नेऊ का? काय सांगू तिले?”

कमलाकर मूळचे कीर्तनवेडे. त्यांनी गाठोडं हुंगलं. “कीर्तन सुटल्यावर लोक कोणाच्या पाया पडतात, पाह्यलं का कधी? जो समोर येईन त्याच्या. देव कोणात बसला आहे, कोणाले माहीत? तपासणारे सारे इथंच बसले आहेत. तू आपला प्रसाद वाट. ज्याचा त्याले पोचते.”

मिताली रांगेरांगेनं चिमूट चिमूट वाटत निघाली. सुरुवातीला प्रत्येकाचा चेहरा न्याहाळत होती.

“याच्यात साखर तं नाही ना, पोरी?” एका म्हाताऱ्या डॉक्टरनं विचारलं. “मीच माह्या पेशंटले नाही म्हणतो.”

ती हसली, वाकली, पुढे गेली. मधल्या रांगेपर्यंत चेहरे शोधणं आपसूक सुटलं. समोर तळहात तेवढे येत राहिले, आणि प्रत्येकापुढे तिची मान आपोआप लवत राहिली.

शेवटी कमलाकरांनीही हात पुढे केला. “मलेही दे. मी नसंन कायवरून?”

गाठोड्याचं रिकामं फडकं तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवलं. हंसाबाईला ते परत द्यायचं होतं, आणि पोचलं म्हणून सांगायचं होतं.