घाबरवता न येणारा भोपळा

मित्रांनो, मी पोलंडमधल्या बोलेस्वावियेत्स गावच्या मातीचा एक जुना कंदील आहे, भोपळ्याच्या आकाराचा. गोष्ट नीट सांगता येईल की नाही, याची मला शंकाच आहे. पण आपण कशासाठी जन्मलो, हे कोडं मला फार दिवस छळत होतं, म्हणून सांगतो.

आमच्या कारखान्यात ताटल्या, किटल्या, सुपाची भांडी होत. त्या वर्षी परदेशातून भुतांच्या सणासाठी मातीच्या भोपळ्यांची मागणी आली. तो सण आमच्याकडे कुणीच पाहिला नव्हता. मी पहिला नमुना. माझं चार दातांचं हसरं तोंड कोरून, मला वाळवून ओतिलियाबाईंपुढे रंगवायला ठेवलं. स्पंजाचा ठसा रंगात बुडवून भांड्यांवर मोरपिसावरचे निळे डोळे उमटवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मागणीसोबत आलेल्या कागदावर रागीट, तिरके डोळे काढलेले होते. पण हात सवयीचा! त्यांनी मला टपोरे मोरडोळे दिले. भाजण्याआधी रंग मळकट दिसतो, त्यामुळे चूक कुणाच्याच ध्यानात आली नाही.

भट्टी उघडली तसा मुकादम तिमोनने कपाळावर हात मारला. "बाई, याला बघून पोरं घाबरायची सोडून पापा घेतील!"

"घेऊ देत की. तुझा कुणी घेत नाही म्हणून जळतोस होय?" ओतिलियाबाई म्हणाल्या.

नापास झालेल्या मला त्यांनीच घरी नेलं. माझे तिरक्या डोळ्यांचे भाऊ गवतात गुंडाळून दूरदेशी गेले. तिथे ते कुणाला भिववत असतील? सुकवलेल्या अळंब्यांच्या बरणीशेजारी, फळीवर बसून मी हाच विचार करी.

पुढच्या वसंतात बाईंचे यजमान झेनोन वारले. नोव्हेंबर उजाडला. सर्व संतांच्या दिवशी सारं गाव शेवंती आणि दिवे घेऊन दफनभूमीत जातं. नात कालिनाने मला कोटाखाली दडवून नेलं आणि आजोबांच्या कबरीवर ठेवलं.

"उचल ते आधी!" बाई कुजबुजल्या. "लोक काय म्हणतील? इथे दात काढतात का?"

"आजोबा काढायचेच की. चर्चमध्येसुद्धा. तूच कोपराने ढोसायचीस त्यांना."

शेजारच्या कबरीपाशी उभ्या बायका वळून बघू लागल्या. बाईंनी मला उचललं. झालं, पुन्हा फळी! पण त्यांनी रुमालाने माझे डोळे पुसले, आत मेणबत्ती लावली आणि मला जागच्या जागी ठेवलं.

"झेनोन," बाई शेजारच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घे, तुझ्याच जातीचा मिळालाय. चारचौघांत दात काढणारा."

मित्रांनो, त्या संध्याकाळी मला माझं काम कळलं. तेव्हापासून दरवर्षी मी तिथे जातो. बाईंकडे आणि कालिनाकडे मागणं एकच आहे. मेणबत्ती विझली की मला घरी न्यायला विसरू नका. एका हिवाळ्यात मी तिथेच राहिलो, आत साचलेलं पाणी गोठलं आणि माझा एक दात गेला. उरलेल्या तिघांनी अजून बरीच वर्षं हसायचं आहे.